विषय : मशीनचा पट्टा

माझ्या चुलत नणंदेचा फोन आला की आधी ती माझी तब्येत विचारते, मग गुडघे विचारते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, "आणि वहिनी, सूनबाई काय म्हणते? घरीच असते का अजून?" त्या 'अजून'वर तिचा असा काही जोर असतो, जणू आमच्या सुनेला ताप आलाय आणि तो उतरायचं नाव घेत नाही.

हो, घरीच असते. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसते. केसांचा अंबाडा आणि त्यात पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल ती दिवसभर घरात शोधते. पूर्वी ती एका कंपनीत होती. दुकानांची बिलं करणारे प्रोग्रॅम ती कंपनी बनवायची. मुलाची बदली झाली, सगळं बिऱ्हाड इकडे आलं आणि तिची नोकरी तिकडेच राहिली. इथे मुलाखतीला गेली की समोरचे विचारायचे, मधल्या काळात काय केलंत? घरी येऊन मला म्हणायची, "आई, मी हातावर हात ठेवून बसले नव्हते हे यांना कसं पटवायचं? दाखवायला काय आहे माझ्याकडे?"

दाखवण्यासारखं होतं, पण ते अजून दिसायच्या जागी आलं नव्हतं. त्याचीच ही गोष्ट.

कॉम्प्युटरवर मेल वाचायचे प्रोग्रॅम पुष्कळ असतात म्हणे. त्यातल्या एकाला मालक नाही. तो फुकट मिळतो आणि आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. मला हे पटेना. फुकट काम कोण करतं? तर सूनबाई म्हणाली, "आई, आपल्या जिन्यातला दिवा गेला की कोण बदलतं?"

"ज्याला अंधारात ठेच लागते तो."

"बस, तसंच."

तिला ठेच लागली होती ती शोधताना. त्या प्रोग्रॅममध्ये एखादा शब्द टाकला की तो शब्द असलेले सगळे मेल एकाखाली एक दिसायचे, पण नुसतं पाठवणाऱ्याचं नाव आणि वरचा विषय. आत काय लिहिलंय ते बघायला एकेक उघडायचा, नाक मुरडायचं, पुढचा उघडायचा. सगळ्या डब्यांची झाकणं उघडून मोहरी शोधल्यासारखं. हिने ठरवलं, ज्या ओळीत शब्द सापडला ती ओळच बाहेर दिसावी, शब्दावर पिवळी खूण असावी, आणि एकाच बोलण्यातले सगळे मेल एका मथळ्याखाली घडी घालून ठेवावेत.

कुणी काही बदललं की ते घ्यायचं की नाही हे ठरवणारा एक माणूस दूर कुठेतरी बसतो. हिने त्याला कधी पाहिलेलंही नाही. मी त्याला मुकादम म्हणते. आता तीही म्हणते. हा मुकादम भारी चिकित्सक. एकदा त्याने लिहिलं, तुमची पिवळी खूण फारच पिवळी आहे.

"पिवळं पिवळंच असणार ना!" सूनबाई स्क्रीनवर खेकसली आणि मुकाट्याने रंग फिका केला.

तिचं काम कसं चाललंय हे मला विचारावं लागत नाही. काम अडलं की ती भांडी घासायला लागते. घासलेलीसुद्धा परत घासते. त्या महिन्यांत आमच्या पातेल्यांत चेहरा दिसायचा.

शेवटी मुकादमाने मान डोलावली. येत्या नव्या आवृत्तीत तिचं काम जाणार, खाली तिचं नाव येणार. तिने माहेरी फोन केला. मुलाने ऑफिसात सांगितलं. मी नणंदेला मुद्दाम फोन लावला, तर तो नेमका लागला नाही.

मग तिने कौतुकाने तो नवा प्रोग्रॅम आधी सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर घातला. तिथेच सगळं फसलं.

आमचे हे शिंपी. दुकान बंद केलं, पण मशीन आतल्या खोलीत आहे आणि कात्री उशाशी. त्यांचा धाकटा भाऊही शिंपीच, दुसऱ्या गावात. त्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून दोघे भाऊ मेलवर बोलतात. तेव्हा यांनी नातीच्या शाळेच्या नाटकासाठी मखमली कोट शिवायला घेतला होता. ती राजा होणार होती. मखमलीला इस्त्री कशी करायची ते धाकट्याने पूर्वी कधीतरी लिहिलेलं यांना आठवत होतं.

"बाबा, शोधा आता," सूनबाई मागे उभी राहून म्हणाली.

यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप केलं : धाकट्या, मखमलीच्या इस्त्रीचं लिहिलं होतंस ते सवडीने पाठव.

"अहो बाबा, ही शोधायची चौकट आहे, काका नाहीत. नुसतं 'मखमल' लिहा."

"नुसतं मखमल? हुकूम सोडल्यासारखं वाटतं."

पण लिहिलं. समोर एकच मथळा आला : मशीनचा पट्टा. त्याखाली धाकट्याचा सगळ्यात ताजा मेल, त्याच्या नव्या कवळीबद्दलचा. यांनी त्यावर बोट दाबलं. चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"दमला बिचारा," हे म्हणाले.

सूनबाईने खुर्ची ओढली. "बाबा, तुमच्या प्रत्येक मेलचा विषय 'मशीनचा पट्टा' का आहे?"

"पहिल्यांदा पट्टाच मागवला होता त्याच्याकडून."

"आणि ही कवळी? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? ताईंचं बाळंतपण?"

"सगळं पट्ट्याखालीच."

"पण नवा मेल का नाही लिहीत?"

"एकदा त्याचा पत्ता बरोबर लागलाय, तो कशाला हलवायचा? त्याने पाठवलं की मी खाली उत्तर देतो, मी पाठवलं की तो देतो. ओवलेली सुई कुणी मोकळी करतं का?"

मी हसले. सूनबाई हसली नाही. तिने मला नंतर सांगितलं ते असं. प्रत्येक उत्तराच्या खाली आधीच्या सगळ्या मेलची शेपटी लागलेली. म्हणजे मखमल हा शब्द धाकट्याने लिहिला एकदा, पण नंतरच्या प्रत्येक मेलच्या शेपटीत तो आहेच. हिच्या प्रोग्रॅमला वाटलं, शब्द सगळीकडे सापडला. त्याने सगळ्यांची एक घडी घातली, वर ताजा मेल ठेवला आणि तो डोंगर उघडताना त्याचा जीव गेला.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "असा शिंपी जगात एकच असेल. जाऊ दे या वेळी असंच, पुढच्या वेळी दुरुस्त कर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"एकच? माझी आई आणि मावशी बघ. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'खाली त्यांच्या अख्ख्या चाळीच्या भानगडी आहेत. प्रत्येक घरात एक असतोच."

"मग? तुला नाव नकोय का?"

ती उठली आणि कढई घासायला घेतली. मग तवा. मग कुकर, त्याच्या शिट्टीसकट. मी पुसायला फडकं घेऊन शेजारी उभी राहिले.

"मुकादम रागावेल का गं?"

"रागावू दे. त्याचं काही नाही, आई. या वेळी दाखवायला काहीतरी होईल असं वाटलं होतं, इतकंच."

हात पुसले आणि टेबलाशी जाऊन तिने स्वतःच लिहिलं : थांबा, माझ्या कामात खोट आहे, ते घालू नका.

मुकादमाचं उत्तर आलं : बरं झालं सांगितलंत, काढून ठेवतो. एवढंच. गोड शब्दाला महाग माणूस. आवृत्ती बाहेर पडली ती हिच्या नावाशिवाय. नणंदेचा फोन मात्र त्याच आठवड्यात बिनचूक लागला.

सूनबाई पुन्हा खिडकीकडच्या टोकाला बसली. आता प्रोग्रॅमला शिकवायचं होतं की शेपटीकडे बघू नकोस, माणसाने नव्याने जे लिहिलंय तेवढंच बघ, आणि शब्द मुळात जिथे लिहिला गेला तोच मेल घडीतून वर काढ. हे वेगवेगळ्या डोंगरांवर तपासायला हवं होतं. त्यासाठी ती खोटे मेल बनवायला लागली, तर हे रुसले.

"माझे खरे असताना खोटे कशाला?"

"बाबा, ते सगळ्या जगाला दिसणार. काकांची कवळी काय चारचौघांत मांडायची?"

"कवळी त्याची आहे. मांड खुशाल."

शेवटी तोडगा निघाला. हे खुर्चीत बसून खोटे मेल सांगायचे आणि ती टाइप करायची. दोन शिंपी भाऊ, एकाने दुसऱ्याची बटणं ढापली, त्यावरून जुंपलेलं भांडण, मध्येच कुणाचं लग्न, मध्येच हवापाणी. ह्यांना इतकी गोडी लागली की थांबेनात. "त्याला लिही, बटणं परत कर, नाहीतर तुझ्या लेंग्याला नाडी घालणार नाही." दोघं इतकी हसायची की मला आतून येऊन बघावं लागायचं. पातेली आपली हळूहळू काळी पडायला लागली होती. मी समजले, काम चाललंय.

एके दिवशी दुपारी तिने हाक मारली, "बाबा, करा हुकूम."

यांनी 'मखमल' लिहिलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच धाकट्याचा जुना मेल वर आला, मखमलीवर फिकी पिवळी खूण. ओळ अशी : मखमलीला इस्त्री करूच नकोस, तुझ्या हातून होणार नाही, नुसती वाफेवर टांगून ठेव.

एव्हाना नाटक होऊन गेलं होतं. यांनी कोटाला पाठीवर इस्त्री फिरवली होती, तिथे चकाकता डाग पडला होता आणि तो झाकायला त्यावर मोठा खिसा शिवला होता. आमची नात अजूनही समजते, राजांना पाठीवर खिसा असतो.

"तेव्हा सापडलं असतं तर बरं झालं असतं," हे पुटपुटले.

"म्हणून तर केलं, बाबा."

तिने सगळं मुकादमाकडे धाडलं, बटणांच्या भांडणासकट. त्या खोट्या मेलच्या ढिगाला तिने नाव दिलं होतं 'शिंपी'. यापुढे शोधण्याच्या भागात कुणीही काहीही बदललं की ते आधी शिंप्यावर चालवून बघायचं, चाललं तरच पुढे. मुकादमाने चार दिवस घेतले आणि लिहिलं : शिंपी पास. घेतलं. खाली आणखी एक ओळ होती. शोधाच्या भागात इतर लोक जे काम पाठवतात ते तपासायची जबाबदारी तुम्ही घ्याल का?

"म्हणजे आता तूच मुकादम?" मी विचारलं.

"अर्धी," ती म्हणाली आणि अंबाड्यातली पेन्सिल शोधायला लागली. त्या दिवशी ओटा भांड्यांनी भरलेला होता. मी घासली, आनंदाने.

नवी आवृत्ती आली, खाली तिचं नाव आलं. त्यानंतरचा नणंदेचा फोन यांनी उचलला.

"दादा, सूनबाई घरीच असते का अजून?"

"घरीच असते. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. तिथून लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देते. तुझं काही हरवलंय का?"

नणंदेने गुडघ्यांचा विषय काढला.

मग हे धाकट्याला ही बातमी कळवायला बसले. सूनबाई चहा घेऊन मागे उभी. यांनी तोच 'मशीनचा पट्टा' उघडला आणि उत्तरावर बोट नेलं.

"बाबा, निदान याला तरी नवा विषय द्या ना!"

"आता कशाला?" हे मान वर न करता म्हणाले. "तू केलंयस ना नीट."