रुद्राप्पांचे ऊटीचे गुलाब

रुद्राप्पांकडं चहाला जाणारा माणूस एकतर नवखा असायचा नाहीतर अडलेला. जाणता माणूस दारातनंच बोलून कटायचा. कारण आत जाऊन टेकला रे टेकला, की रुद्राप्पा कपाट उघडायचे आणि "पावणं, बसा की, घाई काय हाय?" म्हणत आल्बम मांडीवर आणून ठेवायचे. चहा निवायचा, पाहुण्याची गाडी चुकायची, पण श्रवणबेळगोळच्या बाहुबलीचा अंगठा, गुडघा, कान असं सगळं क्रमानं बघून झाल्याशिवाय सुटका नसायची.

बिद्रीच्या साखर कारखान्यात ऑफिसातली नोकरी, राहणं कोल्हापुरात. उन्हाळ्यात गाळप बंद झालं की हा गडी गळ्यात कॅमेरा अडकवून, बायकोला घेऊन निघायचा. म्हैसूर, बंगळूर, हंपी, ऊटी. फोटो काढायचे ते पुतळ्यांचे, बागांचे, फुलांचे, नाहीतर जनावरांचे. माणूस औषधालासुद्धा नाही. "माणसं काय, रोजच बघतोय की. तोंडं बघायला म्हैसूरला कशाला जायला पाहिजे?" असं वर ऐकवायचे, आणि ते ऐकून घ्यायला लागायचं.

ऑफिसातला सयाजी एकदा हौसेनं आपला फोटो घेऊन आला. प्राणिसंग्रहालयात जिराफापुढं तो, बायको आणि दोन पोरं, सगळे ताठ उभे. रुद्राप्पांनी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले, "ह्यात जिराफ कुठला रं? समदीच माना ताणून उभी हायत." ऑफिस खदाखदा हसलं. सयाजीचं तोंड एवढंसं झालं. रुद्राप्पांना त्याचं काही वाटलं नाही. अडाण्याला अडाणी म्हणायला कसली आलीय लाज?

पण खरं सांगायचं तर एक गोष्ट त्यांना आतनं झोंबायची. सयाजीचा तो दळभद्री फोटो टेबलाटेबलावर फिरला होता, लोकांनी पोरांची नावं विचारली होती. आपला आल्बम मात्र लोक दोन-दोन पानं एकदम उलटत बघतात, हे काय त्यांना दिसत नव्हतं? गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून ते मनाची समजूत घालायचे आणि पुढच्या गाढवाला चहाला बोलवायचे.

बायको शांतादेवी प्रत्येक प्रवासात बरोबर होती आणि एकाही फोटोत नव्हती. पिशव्या, पाण्याची बाटली, ह्यांचा स्वेटर असं सगळं सांभाळत ती कॅमेऱ्याच्या मागं उभी राहायची. चुकून पुढं आली तर, "सरक की बाजूला, सावली पडतीया!" बाई मुकाट सरकायची.

दोन हजार सात साली रुद्राप्पा रिटायर झाले. घरच्यांनी मंगल कार्यालयात कार्यक्रम धरला. जावई बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत. तो म्हणाला, "मामा, तुमचे फोटो स्कॅन करू आणि मोठ्या पडद्यावर लावू." रुद्राप्पांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, खोटं कशाला बोला! अख्खं गणगोत एका जागी बसलेलं, दिवे मालवलेले, आणि पानं उलटायचं काम जावयाच्या हातात. जन्मभर जी दाद मिळाली नाही ती आता सगळ्यांच्या देखत घ्यायची, असं त्यांनी पक्कं केलं.

मग रोज संध्याकाळी जमिनीवर आल्बम पसरून निवडानिवड सुरू झाली. हंपीचा नरसिंह घे, लालबागेतली डेलिया घे, म्हैसूरचा पाणघोडा घे. लेक विद्याश्री फोटो काढून पाकिटात भरत होती. शांतादेवी बाजूला मेथी निवडत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "ऊटीचं गुलाब तेवढं लावू नगासा."

"का? अगं, आल्बमचा राजा हाय त्यो!"

"प्रभू येणार हाय."

प्रभू म्हणजे प्रभुलिंग, तिचा संकेश्वरचा धाकटा भाऊ. माहेरच्या कन्नड रिवाजानं ती त्याला तम्मा म्हणायची.

"येऊ दे की. फोटो कशाला म्हनत्यात ते त्याला बी कळू दे."

शांतादेवीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमाला खरंच आठवत न्हाय, का सोंग करताय?"

आठवत होतं. न आठवायला काय धाड भरली होती? शहाण्णव साली ऊटीत सकाळी शांतादेवीनं एसटीडी बूथवरनं माहेरी फोन लावला होता. तिच्या वडिलांचं, अप्पांचं काही खरं नाही, आहे त्या पावली निघा, असा निरोप मिळाला. आहे त्या पावली! आणि हा शहाणा म्हणाला, रोलात चार फोटो शिल्लक आहेत, धुकं उठलं की निघू. सकाळची लिंगपूजा एक वेळ चुकेल, पण अर्धवट रोल घेऊन रुद्राप्पा कुठल्या गावाहून हलायचे नाहीत. बागेतल्या बाकावर ती पिशव्या घेऊन बसली. खालच्या रस्त्यानं म्हैसूरची एक गाडी गेली, मग दुसरी गेली. दुपारी ऊन पडलं, गुलाब कॅमेऱ्यात शिरले आणि मग स्वारी उठली. म्हैसुरातनं सुटणारी रात्रीची गाडी अर्थातच हुकली.

तिकडं संकेश्वरात अप्पा गेले होते आणि लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना भस्म लावून, माळ घालून, भिंतीशी बसतं केलं होतं. लेक येतीय म्हणून माणसं थांबली, थांबली, आणि दिवस मावळायला लागला तेव्हा नाइलाजानं समाधी द्यायला घेऊन गेली. शांतादेवी पोचली तेव्हा बघायला फक्त ओली माती उरली होती. दारातच रुद्राप्पांनी सांगून टाकलं, "घाटात झाड पडलं हुतं, रस्ता बंद." ती पदर तोंडात धरून रडत होती. तिनं ते खोडून काढलं नाही. नवऱ्याची अब्रू, दुसरं काय!

"त्याला आता इतकी वर्सं झाली," रुद्राप्पा म्हणाले. "कोन इचारतंय?" आणि गुलाब त्यांनी शेवटी ठेवले, मुद्दाम.

कार्यक्रमाला कार्यालय गच्च भरलं. दिवे मालवले. पाणघोड्यानं जबडा वासला तशी पोरं ओरडली, नरसिंह आला तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले. मध्येच एका आजीबाईनं विचारलं, "आमची शांता कुठं दिसंना ती?" रुद्राप्पा माइकवरनं म्हणाले, "ती हुतीच की, हितंच मागं." लोक हसले.

मग गुलाब आले. पाकळीवरचं दव आणि त्यात अडकलेलं ऊन पडदाभर झालं. पाठीमागनं कुणीतरी "आय्या!" केलं. टाळ्या पडल्या, आणि पहिली टाळी सयाजीची होती, बरं का. मनाचा मोठा माणूस. फोटो चांगलेच होते, नाही म्हणायला जागा नव्हती. रुद्राप्पांनी तिथं हात जोडून खाली बसायचं होतं. पण मिळालेलं पचवेल तो रुद्राप्पा कसला! माइक घट्ट धरून स्वारी पुढं सरसावली.

"ही अशी मिळत न्हाईत, पावणं! ह्याला दम लागतो. धुकं उठायची वाट बघत बागंत बसून ऱ्हायलो. दोन गाड्या सोडल्या, दोन! बायको माज्या मागं लागलीया चला चला म्हणून, पर मी हाललो न्हाय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोक आणखी हसले, आणखी टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबायच्या आत मधल्या रांगेतनं प्रभुलिंग उठून उभा राहिला. शांत, मितभाषी माणूस. अख्ख्या संध्याकाळी त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"दाजी, ही ऊटी न्हवं?"

"व्हय की! शहाण्णव साल."

"म्हंजे अप्पा गेलं त्याच टायमाची."

रुद्राप्पांनी माइक ह्या हातातनं त्या हातात घेतला.

"तवा तर घाट बंद हुता म्हनलासा," प्रभुलिंग म्हणाला. "आमी अप्पांना दिवस मावळंपतोर बसवून ठेवलं हुतं."

टाळ्या विझल्या. जावयाला काही कळेना, त्यानं बिचाऱ्यानं पडद्यावर गुलाब तसेच ठेवले. सगळ्या जगाला अडाणी ठरवणाऱ्या रुद्राप्पांनी पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडं बघितलं. इतकी वर्षं तिनं सांभाळून घेतलं होतं, आतासुद्धा घेईल. घाट बंद होता, एवढंच तर म्हणायचंय. सगळं गणगोत माना वळवून तिच्याकडं बघायला लागलं.

शांतादेवी उठली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. पडद्याकडं पाठ करून ती भावाकडं वळली.

"घाट उघडा हुता, तम्मा," ती म्हणाली. "मी बाकावर बसून गाड्या जाताना बघत हुते."