निळ्या सतरंजीवर असताना हाक मारू नये

शाळेतले किस्से जमवावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते ओढणीला चिकटून घरी येतात आणि संध्याकाळी चहा गाळताना खाली पडतात. मी तशी कमी बोलते. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, त्यामुळे सुनेचा आवाज आपल्याला अजून नीट ओळखू येत नाही, असं सासूबाई शेजारणींना सांगतात. पण चहाबरोबर त्यांना रोज एक किस्सा लागतो. बिस्कीट नसलं तरी चालतं.

शाळा शिरूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. गावातली निम्मी माणसं शेतात, निम्मी रांजणगावच्या कंपन्यांत. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. सगळ्यांना एकदम शिकवलं की पुढचे कंटाळतात आणि मागचे हरवतात, म्हणून मी कोपऱ्यात एक निळी सतरंजी टाकली. चार-पाच जणांना तिच्यावर घेऊन बसायचं, एकेकाचं वाचन ऐकायचं. बाकीच्यांनी तोवर आपापलं काम करायचं. कुणी जोडीनं वाचायचं, कुणी शब्दकार्डं लावायची, कुणी गोष्ट लिहायची. नियम एकच: मी सतरंजीवर असताना हाक मारायची नाही. रक्त आलं तरच यायचं.

पहिल्याच आठवड्यात चौथीतला समर्थ शेजारी येऊन उभा राहिला. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"रक्त न्हाई आलं मॅडम," तो म्हणाला. "पण त्या दोघांना आवरलं न्हाई तर येईल."

मग मी एक हिरवा स्टोल आणला. तो गळ्यात असला की मॅडम वर्गात नाहीत, असं समजायचं. हे मात्र पोरांना चटकन पटलं. इतकं, की एकदा केंद्रप्रमुख साहेब न सांगता तपासणीला आले तेव्हा समर्थनं त्यांना दारातच अडवलं. मॅडम नाहीत म्हणाला.

"मग त्या कोण बसल्यात?"

"त्याच मॅडम हायेत. पण आत्ता न्हाईत."

साहेब भले माणूस. व्हरांड्यात उभे राहिले आणि मी स्टोल काढल्यावर आत आले. समर्थची आत्या आमच्या शेजारी राहते, त्यामुळे ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. त्या संध्याकाळी नवऱ्यानं मला हाक मारली, तर सासूबाईच आतून म्हणाल्या, "कांदा चिरतीय ती. हाय, पण न्हाई."

सतरंजीवर रोज माझ्या डाव्या हाताला तिसरीतली दुर्गा बसायची. पुस्तक मांडीवर, बोट बरोबर ओळीवर, ओठ हलतायत, आणि आवाज शून्य. वर्गात कुणीच तिला मोठ्यानं वाचताना ऐकलेलं नव्हतं. घरीही नाही. तिचे वडील कंपनीत कायमच्या नाईट शिफ्टला. एकदा त्यांनी मला फाटकापाशी गाठून सरळच सांगितलं. पोरीनं वाचलेली एक ओळ अजून त्यांच्या कानावर पडली नव्हती. दिवाळीपर्यंत वाट बघणार, नाहीतर तिला दौंडला मामाकडे ठेवणार. तिथं इंग्लिश मीडियमची शाळा आहे. दौंड काही वाईट नाही, माझं माहेरच आहे ते. पण त्या दुपारी दुर्गाच्या ताटातली खिचडी तशीच राहिली.

असो. शब्दकार्डांचं सांगते.

वर्गातल्या वस्तूंची नावं कार्डावर लिहून ज्याच्या त्याच्यावर चिकटवायची, असं काम दिलं होतं. दार, फळा, खिडकी, माठ. पोरं शेवटी ऑफिसपर्यंत गेली. ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या मीटिंगा यांच्यामुळे गुरुजी बिचारे सारखे शिरूरला. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी लावलं, 'रिकामी खुर्ची'. गुरुजींनी ते वाचलं आणि दुसरा अख्खा दिवस तिच्यावरून हलले नाहीत. पहिली-दुसरीलाही ऑफिसातच बोलावून शिकवलं. संध्याकाळी पोरांनी कार्ड बदललं: 'भरलेली खुर्ची'. गुरुजींनी ते काढलं नाही.

जोडीवाचनात एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकून एक प्रश्न विचारायचा. गोष्टीत एक शेतकरी सकाळी उठून पिकाला पाणी देत होता. ऐकणाऱ्यानं तिथंच वाचन थांबवलं.

"खोटं हाय हे. ह्या आठवड्यात पंपाला लाईट रात्रीची हाय."

वाचणारा अडला नाही. "त्यानं सोलर बसवलंय," म्हणाला आणि पुढं गेला. पुस्तकात तसं काही नव्हतं. मी सतरंजीवर होते, म्हणजे नव्हतेच, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

पुढचं मी चहाबरोबर सांगितलेलं नाही. एकदा सतरंजीवरच्या बाकीच्यांना लिहायला बसवून मी दुर्गाला विचारलं, आवाज का गं काढत नाहीस? तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "पप्पा झोपल्यात."

मी म्हटलं, अगं, पप्पा घरी झोपलेत. आपण शाळेत आहोत.

तिनं जरा विचार केला. "सवय हाय," म्हणाली.

आमच्याकडेही यांची नाईट असली की मी भात पातेल्यात लावते, कारण कुकर शिट्टी देतो. वाटी ठेवताना खाली तळहात धरते. मला अजून समजावून सांगायची गरज नव्हती. मी कान तिच्या तोंडाशी नेला आणि तिनं कुजबुजत अख्खा धडा वाचून दाखवला. एकदाही अडखळली नाही.

वडिलांना सांगितलं, ती वाचते. ते म्हणाले, "मग मला का ऐकू येत न्हाई?" तुम्ही झोपलेले असता म्हणून, असं तोंडावर कसं सांगायचं?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आणि ते दाखला घ्यायला आले. कंपनीच्या बसमधून उतरून थेट शाळेत, गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. गुरुजी दाखला तयार करायला ऑफिसात गेले. आमचा प्रिंटर एक पान काढायच्या आधी बराच वेळ घसा खाकरतो. दुर्गाची जोडीदारीण त्या दिवशी गैरहजर होती. मी तोंड उघडायच्या आत समर्थनं दुर्गाच्या वडिलांना खाली बसवलं आणि त्यांचं काम समजावून सांगितलं. तिनं वाचायचं, तुम्ही ऐकायचं.

दुर्गा वाचायला लागली, नेहमीसारखी कुजबुजत. ते वाकले, कान पुढे केला. दुसऱ्या पानावर त्यांचं डोकं भिंतीला टेकलं आणि तोंड उघडं पडलं.

वर्ग आपोआप गप्प झाला. शिफ्टवाल्या घरातली पोरं ती. कुणी पेन्सिल अलगद खाली ठेवली, कुणी पान उलटायचं थांबलं. पलीकडून प्रिंटरचा आवाज तेवढा यायला लागला. दुर्गानं दाराकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि ती उठून उभी राहिली.

"पप्पा, उठा."

हे पहिली-दुसरीच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं.

"झोपायचं ते घरी. आत्ता माझं वाचन चाललंय."

ते दचकून उठले. पाय आवरून, मांडी घालून बसले. तिनं पान मागं उलटलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, उभ्यानं, त्याच आवाजात.

तेवढ्यात गुरुजी कागद घेऊन दारात आले. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण काय लिहायचं, असं ते विचारायला लागले. दुर्गाच्या वडिलांनी मागं न बघताच हात वर केला.

"गुरुजी, जरा हळू. पोरगी वाचतीय."