उधन्याला उतरलेली पिशवी

सुरतच्या नवागाममध्ये आमच्या शेजारच्या खोलीत कापडाच्या लूम्सवर काम करणारा एक माणूस राहत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या गावी जाऊन परतताना त्याला उधना स्टेशनवर पोलिसांनी थांबवले. त्याच्याजवळच्या दोन पिशव्यांपैकी एकीत, गोधडीच्या घड्यांत, गांजा निघाला. पिशवी कोणाची, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मेरीच है, साहब." मी तेव्हा कोर्टाच्या बातम्या करीत होतो. आरोपीने पिशवी आपलीच असल्याची कबुली दिली, ही चार ओळींची बातमी माझीच.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको दारात आली. भांडली नाही.

"भाऊ, तुम्हले तं माहीत शे. थैली कोनीबी देवो, आपन 'मनीच शे' सांगतस."

मला माहीत होते. खानदेशातून सुरतला येणारा माणूस चार घरांचे सामान आणतो. तोंड शिवलेली पिशवी वाटेत उसवणे म्हणजे देणाऱ्यावर संशय घेणे. तिकीट तपासनिसाने विचारले, तर सगळ्या पिशव्या आणणाऱ्याच्याच असतात. ही पिशवी गावाकडच्या ओळखीच्या माणसाने दिली होती. उधन्याला आपला भाचा येऊन घेईल, असे सांगून. भाच्याचा शोध कोणी घेतला नाही. पोलिसांच्या हाती माणूस होता आणि कबुली होती.

गांजा बराच होता, त्यामुळे कायद्याची कडक कलमे लागली. अशा प्रकरणात आरोपी निर्दोष असावा असे आधीच पटल्याशिवाय जामीन देता येत नाही. अर्ज दोनदा फेटाळला गेला. मग तारखा सुरू झाल्या. दर तारखेला दोन पोलीस त्याला तुरुंगातून आणत आणि संध्याकाळी परत नेत. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली, तो दुसऱ्या जिल्ह्यातून येई. पंच म्हणून सही केलेला हमाल दिवसभर बाकावर बसून साक्ष न होताच परत जाई. पुढे तो येईनासा झाला, तेव्हा त्याला आणायला आणखी एक पोलीस जाऊ लागला. बायकोने बमरोलीच्या कारखान्यात काम धरले. तारीख पडणे ही बातमी नसते, म्हणून यातले मी काहीच लिहिले नाही.

चौथ्या वर्षी बचावाच्या वकिलाने मला साक्षीला बोलावले. पिशव्यांची आमची पद्धत मी सांगितली. सरकारी वकिलांनी शांतपणे विचारले, "तुम्ही स्वतः अशा पिशव्या आणल्यात?"

"हो."

"उघडून पाहिल्यात?"

"नाही."

"आज कोणी दिली तर आणाल?"

"नाही," म्हणालो. तेही टाइप झाले.

पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक होते असे दिसत नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी त्याला सोडले. बातमी पुन्हा चार ओळींचीच झाली. त्याच्या जागी लूम्सवर केव्हाच दुसरा माणूस लागला होता.

पुढच्या आखाजीला तो गावी निघाला. आदल्या संध्याकाळी, दारोदार विचारत फिरायच्या जुन्या सवयीने, आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, गावहून काही आनाना शे का?"

माझ्या आईने गावी पापड आणि डाळीची पिशवी शिवून ठेवली होती. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, यंदा काही नाही.

तो "बरं" म्हणाला. मग शेजारच्या दुसऱ्या दाराकडे न वळता आपल्या खोलीत गेला.