गाळ वाळू देऊ नका

"डीप सेकंड डिग्री बर्न," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कातडीच्या दुसऱ्या थरात खोल गेलेली भाजणूक. उजवा हात.

"मूठ वळेल?"

"बघू."

हा 'बघू' सरकारी कचेरीतल्या 'बघू'सारखाच ऐकू आला.

मी कामशेतजवळ नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवर सुपरवायझर आहे. नळी आतून घासली की काळा गाळ निघतो. त्यात आयर्न सल्फाइड असतं. ते कोरडं झालं आणि हवा लागली, की काडी न लावता पेटतं. म्हणून गाळ पिंपात, पाण्याखाली ठेवायचा. हे मी इतरांना शिकवतो.

खंडेनवमीच्या पूजेला मोठे साहेब येणार होते. एका पिंपातून झिरपणारं काळं पाणी त्यांच्या रांगोळीत शिरत होतं. मी पिंप रिकामं करायला सांगितलं, नुसतं पाण्यापुरतं.

"सायेब, पानी काडू नका. वाळलं की पेटतंय ह्ये," कान्हे गावचे सखारामभाऊ म्हणाले. ते आमचे जुने कामगार.

"भाऊ, आज हत्यारांची पूजा आहे, चिखलाची नाही."

साहेबांचं भाषण लांबलं. विषय सुरक्षितता. तोवर गाळ उन्हात वाळला. विझलेल्या काडीसारखा वास आला आणि पिंपावरचा झेंडूचा हार पेटला. शेजारी मांडवाचं कापड होतं. मी पिंप ढकललं, तो लालबुंद गाळ हातावर सांडला. भाऊंनी गाळावर दोन बादल्या ओतल्या आणि तिसरीत माझा हात बुडवला.

पुढे स्किन ग्राफ्ट झालं. मांडीची कातडी हातावर लावली. डोळे मिटले की तो वास यायचा. काही जळतंय का, असं मी नर्सला तिसऱ्यांदा विचारलं.

"काका, इथे जळलेले सगळे झोपलेत."

भाऊ भेटायला आले. "झाली का चिखलाची पूजा?" म्हणाले, आणि उशाशी बसून राहिले.

तुमच्यावर ही वेळ आली तर बोटांचे व्यायाम चुकवू नका. रडत करा, पण करा. आणि नसलेला वास येत असेल तर डॉक्टरांना सांगा. मी लाजेपायी उशीर केला.

बोटं आता तीन चतुर्थांश मिटतात. घरी चहाचा चोथा वाळलेला दिसला तरी मी त्यावर पाणी शिंपडतो.

यंदाच्या खंडेनवमीला साहेबांची गाडी फाटकात असताना मी त्याच हाताने तांब्या धरला आणि पिंप काठोकाठ भरलं. काळा ओघळ रांगोळीतून पार मांडवापर्यंत गेला.

"आता झाली पूजा," भाऊ म्हणाले.