सड्यावर वाळलेला गाऊन

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला एकटे बाबा आले होते, तेही चिरेखाणीवरून थेट. डोक्यापासून चपलांपर्यंत धुळीने तांबडे. कोल्हापूरची गाडी लागली, त्यांनी माझी बॅग वर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर." त्या सकाळी सुजाला, माझ्या धाकट्या बहिणीला, फिट आली होती. तिला एकटीला ठेवायचं नाही हा आमच्या घरचा कायदा, म्हणून आई घरीच राहिली. मी उंबऱ्यात बॅग खाली ठेवून म्हटलं होतं, नाही जात मी. आई सुजाचं तोंड पुसत होती. मान वर न करताच म्हणाली, "तू थांबलीस म्हनून तिची फिट थांबनार हाय काय? जा तू."

मी गेले. कोल्हापूरहून पुढे बंगळूरला, शिकायला.

वाडीतल्यांनो, आणि वाडी सोडून मुंबईला गेलेल्यांनो, तुमचं एक बरं आहे. तुम्हाला मंडळ आहे, गाववाल्यांची खोली आहे, कोण कुठल्या कंपनीत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळूरला आपलं कुणी नव्हतं. पहिलं वर्ष मी पीजीच्या गोड सांबारावर आणि स्वतःच्या हट्टावर काढलं. आता रिक्षावाल्याशी कानडीत घासाघीस करते, फिल्टर कॉफीशिवाय लॅबमध्ये पाऊल टाकत नाही, आणि कुठे अडलं की 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', जरा सांभाळून घ्या, म्हणून पुढे सरकते. आपल्या एका काकांनी मात्र मी अणुबॉम्बच्या कारखान्यात आहे असं परस्पर जाहीर करून टाकलंय. म्हणून एकदाच सांगते, मी तिथे काय करते.

सुजाला सातव्या वर्षापासून फिट येतात. कोल्हापूरला तिचा एमआरआय काढला होता. तिथे तिला पाठीमागून उघडा असलेला इस्पितळाचा अंगरखा घालायला लावला, त्याची लाज तिच्या मनातून कधी गेली नाही. आणि एवढं करून रिपोर्ट आला नॉर्मल. फोटोत काही नाही म्हटल्यावर लोकांना रान मोकळं मिळालं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं पोरगी नाटकं करते, शाळा चुकवायला करते. गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. सुजा भांडायची नाही, गप्प बसायची. मला तिच्या फिटपेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त चीड यायची. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना काय. मला त्या फोटोत दिसेल असं काहीतरी हवं होतं, आणि भौतिकशास्त्र शिकताना कळलं की ते मिळू शकतं.

मेंदूत विजेची ये-जा चालते, आणि वीज वाहिली की चुंबकत्व तयार होतं. मेंदूचं चुंबकत्व फारच क्षीण, पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे अगदी नगण्य. ते टिपायची जुनी यंत्रं अवजड असतात, त्यांच्यात डोकं घालून हलायचं नाही. आम्ही करतो ते शिरस्त्राण टोपीसारखं डोक्यावर बसतं. त्यात काचेच्या इवल्याशा कुप्या असतात, कुपीत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ. लेझरने त्या वाफेतले सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे करायचे. मेंदूतून नुसती झुळूक आली तरी ते डळमळतात, आणि कुपीतून पार होणारा प्रकाश बदलतो. अणू असे वागतात ते क्वांटमच्या नियमांनी. माणूस हलला तरी टोपी त्याच्याबरोबर हलते. फिट येत नसते तेव्हाही मेंदूतल्या दुखऱ्या जागेवरून मधूनमधून ठिणग्या उडत असतात. त्या कुठून येतात हे टोपी सांगते.

बंगळूरच्या एका इस्पितळात टोपीची चाचणी सुरू झाली. मी वशिला लावला नाही. सुजाच्या डॉक्टरांनी तिचे कागद पाठवले होते, तिचा नंबर आपल्या क्रमाने लागला. तिच्या वाट्याला एकच दिवस होता. पुढचे पेशंट थांबलेले होते आणि नंतर बाहेरचं चुंबकत्व अडवणारी ती चाचणीची खोली कित्येक महिने दुसऱ्या कामाला जाणार होती.

आई तिला घेऊन आली. मी फोनवर बजावलं होतं, अंगावर लोखंडाचा कण नको. आईने सुजाच्या बांगड्या, कानातलं, पिना सगळं घरीच उतरवलं. इस्पितळाचा अंगरखा नको म्हणून स्वतः नवा सुती गाऊन शिवला, हुक नाही, चेन नाही, नुसत्या नाड्या. मी तो वरवर बघितला आणि खूश झाले.

यंत्र चालू केलं आणि पडद्यावरच्या रेघा एकसारख्या वरखाली झुलायला लागल्या. ठिणग्या राहिल्या बाजूला, काहीच दिसेना. माझा सहकारी मंजुनाथ याने आधी वायरींवर संशय घेतला, मग लेझरवर. टोपी तीनदा बसवून झाली. दुपारचं जेवण कुणी केलं नाही. शेवटी त्याने हात टेकले, म्हणाला, "मॅडम, आजचा दिवस गेला." पुन्हा एकदा सुजाला रिपोर्ट कोरा मिळणार होता, आणि या वेळी तो माझ्या हातून.

मी खोलीत तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या खांद्यावरून हात फिरवला. बोटांची टोकं किंचित तांबूस झाली. मी बाहेर पडद्याकडे धावले. रेघा झुलत होत्या त्या सुजाच्या श्वासाबरोबर.

"आये, हा गाऊन वाळत कुठे घातलास?"

"कुटं म्हंजे? सड्यावर. दोनदा धुतला, दोनदा कातलावर पसरला. नव्या कापडाची खळ जायाला नको?"

जांभ्याच्या सड्यावर, वाडीवरच्या त्या उघड्या कातळावर! आपण सगळे पिढ्यान् पिढ्या कपडे तिथेच वाळवतो. त्या दगडात लोह आहे, त्यातलं काही चांगलं चुंबकाला चिकटणारं. मी चिरेखाणीवरच्या बापाची लेक, जांभ्याची धूळ खातच वाढले, तरी इतका वेळ मला सुचलं नाही. ती धूळ गाऊनच्या छातीवर बसलेली, आणि सुजाच्या प्रत्येक श्वासाला ती हलत होती. मंजुनाथला सांगितलं तर त्याने स्वतः गाऊनवर बोट घासून बघितलं. आई म्हणाली, "आता कातलाचा पन गुन्हा झाला काय?" आणि स्वतःच हसायला लागली.

मी माझी जुनी ओढणी आणि बंगळूरच्या दोरीवर वाळलेला कुर्ता सुजाला दिला, तिचे केस धुतले. संध्याकाळी रेघा शांत झाल्या. आणि त्या शांत रेघांमधून, मेंदूच्या उजव्या बाजूला, एकाच जागेवरून ठिणग्या उडताना दिसल्या. मी सुजाला पडद्याजवळ आणून बोट ठेवून ती जागा दाखवली. तिने त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी नाटक नव्हती करत." मी रडले, ती नाही.

डॉक्टरांनी कोल्हापूरचाच जुना एमआरआय त्या जागी पुन्हा बारकाईने पाहिला. तिथे लहानसा डाग होता. कुठे बघायचं हे माहीत नसल्यामुळे तो नजरेतून सुटला होता. पुढे ऑपरेशन झालं. त्यानंतर सुजाला फिट आलेली नाही. गोळ्या अजून चालू आहेत. डॉक्टर जपून बोलतात, आणि त्यांनी तसंच बोलावं.

मला विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिथलं. मी बंगळूरला फ्लॅट घेतलाय, तिथे माझी झोप चांगली लागते, उगाच गळा काढणार नाही. पण गेल्या महिन्यात न कळवता गावी आले. वाटेवरून हाका मारत गेले, ओ नाही. वर जाऊन बघते तर दाराला कुलूप.

आमच्या घराला कुलूप नव्हतंच कधी. त्याची गरजच पडली नाही. सुजा घरात, आणि तिच्याजवळ कुणीतरी घरात, अशी आमची सगळी वर्षं गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आई शेतावर, बाबा खाणीवर, सुजा कॉम्प्युटरच्या क्लासला रत्नागिरीला.

"कुणाबरोबर?" मी विचारलं.

"कुनाबरोबर म्हंजे? एकटी. सकालच्या एसटीनं."

मी बॅग पायरीवर ठेवली आणि त्या कुलपाकडे बघत बसले. माझी वाट बघायला घरात कुणी नव्हतं, आणि घरी येऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.