डबीनं धरलेला फोन

आमच्या गाडीत ती डबी आली ती आप्पांच्या धोतरामुळं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म येळ्ळूरचा, सगळी नोकरी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मुक्काम बेळगावात आमच्याकडं. मी एकुलती, त्यामुळं वाटणीचा प्रश्नच नव्हता. नवऱ्यानं हौसेनं इलेक्ट्रिक गाडी घेतली, पण मोबाईलवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर यायचा तर फोन वायरनं जोडावा लागायचा. ती वायर पुढच्या सीटसमोर लोंबायची. पुढं बसणार आप्पा, कारण मागं त्यांचे पाय लांब होत नाहीत. उतरताना वायर धोतरात अडकायची, फोन खाली आपटायचा आणि आप्पा खेकसायचे, "ही गाडी हाय का दाव्याला बांधल्याला बैल रं?"

मग नवऱ्यानं ऑनलाईन एक वायरलेस अडॅप्टर मागवला. काडेपेटीएवढी काळी डबी. ती गाडीच्या यूएसबीत खोचायची, की फोन खिशात नाहीतर पर्समध्ये असला तरी गाडी त्याला धरते आणि पडद्यावर सगळं दाखवते. नकाशा, गाणी, येणारे फोन. नवऱ्यानं त्याचा आणि माझा, दोन्ही फोन तिला जोडून ठेवले आणि दोन-चार दिवस गल्लीभर डबीचं कौतुक सांगत फिरला.

कौतुक कसलं, पीडा ती! एकदा मी स्वयंपाकघरात, मी नोकरी करते त्या शाळेतल्या एका बाईंशी फोनवर बोलत होते. अचानक आवाज गेला. मी आपली "हॅलो, हॅलो" करतेय, आणि बाहेरून गल्लीतून बाईंचाच आवाज, हेडमास्तरांचा उद्धार करणारा. नवऱ्यानं दारात गाडी सुरू केली होती आणि डबीनं घरातला माझा फोन धरला होता. समोरच्या काकू गेटवर उभ्या राहून मन लावून ऐकत होत्या. भिंतीला कान असतात हे माहीत होतं, गाडीला तोंड असतं हे त्या दिवशी कळलं. "सेटिंगमध्ये बघतो," नवरा म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे लग्न झालेल्या बाईला सांगायला नको.

त्याच दिवसांत आप्पांचा आवाज बसला. आधी वाटलं थंडी असेल. मग मध-हळद झाली, गुळण्या झाल्या. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं, एक तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मला नि नवऱ्याला वेगळं बसवून सांगितलं: स्वरयंत्रावर गाठ आहे. रिपोर्ट वाईट आला तर ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचायची चांगली आशा आहे, पण आवाज जाईल. कायमचा.

आप्पांना आम्ही सांगितलं, घसा सुजलाय.

आमच्याकडं असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला असला आजार सांगायचा नाही, तो धास्तीनंच जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण एका घरात राहून लपवायचं कसं? तर कन्नडात. आप्पांसमोर बसून, त्यांच्या ताटात भाकरी वाढत, मी आणि नवरा सगळं कन्नडात बोलायचो. माझं कन्नड शाळेच्या ऑफिसच्या कागदांमुळं झालेलं, नवऱ्याचं बँकेतल्या नोकरीमुळं. आणि आप्पांना कन्नड येत नव्हतं. म्हणजे असं सगळा गाव धरून चालला होता. तरुणपणी सीमाभागाच्या एका मोर्चात त्यांच्या पाठीवर लाठी बसली होती, आणि त्याच संध्याकाळी येळ्ळूरच्या वेशीवर त्यांनी शपथ घेतली होती, कन्नडाचा एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणजे नाहीच. फाउंड्रीत शेजारचा कामगार कन्नड बोलायचा, हे मराठीत उत्तर द्यायचे. बसच्या कंडक्टरशी, तलाठ्याशी, पोस्टमनशी तेच. लग्नानंतर एकदा माहेरी मी नवऱ्याशी चुकून कन्नडात काहीतरी बोलले, तर आप्पा ताटावरून उठून बाहेर गेले होते.

आता मात्र उठत नव्हते. टीव्हीकडं बघत बसायचे. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, वयानं माणूस मऊ होतो बघ.

आणि त्यांच्यासमोरच मी ते बोलले. भाकरी थापत होते, आप्पा जवळच खुर्चीवर जेवत होते, नवरा ऑपरेशनचं विचारत होता. मी कन्नडात म्हटलं, रिपोर्ट काहीही येऊ दे, ऑपरेशन नको. आवाज काढून घेतलेले आप्पा मला बघवणार नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर एक भाषा तोंडात सांभाळली, त्याला मुका करून काय जगवायचं? जेवढे दिवस आहेत तेवढे बोलत जाऊ देत. आप्पांनी आमटी मागितली, मी वाढली. मी वाईट मनानं बोलले नव्हते, आजही मला तसंच वाटतं. त्यांना माझ्याइतकं कोण ओळखतं, असा मला गर्व होता.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीलाही मी बजावून ठेवलं होतं, "फोन फक्त माझ्या नंबरवर करायचा, आणि बोलायचं कन्नडातच." ती म्हणाली, रिपोर्ट आज येईल, नाहीतर उद्या. आणि नेमकं त्याच सकाळी आप्पांनी काढलं, "निपाणीला जाऊन येऊया. आक्काला बघून लई दीस झालं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. मी म्हटलं, आप्पा, पुढच्या आठवड्यात जाऊ. "आजच," म्हणाले. त्या बसक्या आवाजातसुद्धा ते 'आजच' असं आलं, की मी पोरांना शाळेत धाडलं आणि रजेचा मेसेज टाकला.

निघताना पहिला धसका बसला. पडद्यावर नकाशा होता, पण वर नाव माझ्या फोनचं.

"अहो, माझा फोन का लागलाय?"

"माझा तापलाय गं. नुसता नकाशा तर बघायचाय."

नुसता नकाशा! रस्त्यात दवाखान्याचा फोन आला तर पडद्यावर नाव झळकणार, आणि चुकून उचलला गेला तर सगळी गाडी ऐकणार. मी मागच्या सीटवर फोन मुठीत धरून बसले. कन्नडात बोलतील, आप्पांना कळणार नाही, असं स्वतःला समजावत होते, तरी 'कॅन्सर' या शब्दाला कुठली भाषा आली? काकती गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला, तवंदीच्या घाटात गाडी वळली. प्रत्येक मेसेजच्या टिणटिणीला मी मूठ उघडून बघत होते. एकदा रिंग वाजली आणि माझा जीवच गेला. बघते तर लोन पाहिजे का विचारणारी बाई. नवऱ्यानं पडद्यावरच बंद केली. आप्पा म्हणाले, "घे की फोन. कुणाचा कामाचा आसंल."

"नाही हो, कामाचा नाही."

निपाणीत आत्यानं आम्हाला चहा दिला आणि मग मला म्हणाली, "परड्यात कढीपत्ता लई आलाय, जा तोडून घे जा." नवऱ्याला बाजारात धाडलं. मी कढीपत्ता तोडत होते, कान आत होते. काही ऐकू आलं नाही, दोघं फार हळू बोलत होती. निघताना आत्या कधी नव्हे ती गाडीपर्यंत आली. काचेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "नीट ने गं त्येला." तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, वय झालंय, भेटीचं अप्रूप असेल.

परतीला गाडीची बॅटरी उतरली. सकाळी वीज गेलेली, रात्री चार्जिंगला लावायचं नवरा विसरलेला. संकेश्वरच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची सोय होती, तिथं थांबलो. नवरा वायर लावून चहा सांगायला गेला. ऊन मी म्हणत होतं. आप्पांना उतरायला नको म्हणून मीच म्हटलं, एसी चालू राहू द्या, चार्जिंग होताना चालतो. आप्पा काचा लावून आत बसले. मी जरा पाय मोकळे करायला उतरले.

आणि पर्समध्ये फोन थरथरला. दवाखाना.

मी चार पावलं लांब झाले, बांधाच्या बाजूला. गाडीकडं पाठ केली, बटण दाबलं, कानाला लावला. "हॅलो?" काहीच नाही. "हॅलो, हेळ्री," मी म्हटलं. हेळ्री म्हणजे सांगा. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते, म्हणजे फोन लागलेला होता. पण आवाज नव्हता.

आवाज होता. माझ्या मागं होता. बंद काचांच्या आत एक मुलगी घुमल्यासारखी बोलत होती.

एसी चालू म्हणजे गाडी चालू. गाडी चालू म्हणजे डबी चालू. घरातून गल्लीपर्यंत फोन धरणारी ती अवदसा इथं चार पावलांवर सोडतेय होय? फोन बंद करायचं साधं सुचलं नाही. मी धावले, चप्पल एक तिथंच राहिली. मनात एकच घोकत होते, कन्नडात आहे, कन्नडात आहे, त्यांना कळणार नाही.

मी दार उघडलं. मुलगी कन्नडात म्हणत होती, "मॅडम, रिपोर्टमध्ये तेच आलंय. डॉक्टर म्हणतात, उशीर करून चालणार नाही. ऑपरेशनचं काय ठरवलंत तुम्ही? मॅडम? ऐकू येतंय का?"

मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. लहानपणी जेवताना मी बडबड केली की करायचे तसा. मग ते त्या पडद्याकडं जरा वाकले.

"हेळ्री," आप्पा म्हणाले. "पेशंट मीच."

कन्नडात. फाउंड्रीतलं, कामगारांचं, रांगडं कन्नड. कुठं अडखळले नाहीत. त्या फाटक्या आवाजात त्यांनी तिला विचारलं, ऑपरेशन केलं तर माणूस वाचतो का? ती गडबडली, म्हणाली, डॉक्टरच सांगतील, पण वेळेवर केलं तर वाचतात. आप्पा म्हणाले, "मग डॉक्टरांना सांगा, करायचं. आवाज गेला तरी चालेल. माझी मुलगी नको म्हणते. तिचं ऐकू नका."

फोन बंद झाला. पडद्यावर परत नकाशा आला, बेळगावची निळी रेघ. मी दारात तशीच उभी, एका पायात चप्पल. काय बोलू? मराठीत बोलू का कन्नडात बोलू, तेसुद्धा समजेना.

"आप्पा, तुम्हाला कन्नड..."

"शपथ तोंडाची घेटलती गं," आप्पा म्हणाले. "कानाची न्हवं. फाउंड्रीत जल्म गेला माजा. कानात बोळं घालून काम करत हुतो व्हय?"

"मग बोलला का नाही? इतके दिवस आम्ही तुमच्यासमोर..."

"तुमी रोज रातच्याला भाकरी खाताना बोलायचा. मला वाटलं, बोलून तरी पोरीचा जीव हलका हुतोय, हू दे. म्हनून गप बसलो." मग थांबले, घसा खाकरला. तेवढंही त्यांना दुखत होतं. "पर त्ये ऑपरेशन नको म्हनलीस न्हवं, त्या दिशी मला झोप आली न्हाय."

मला रडू फुटलं. भर हायवेवर, लोकांच्या गाड्यांसमोर, तोंडाला पदर लावून मी रडले. मी म्हटलं, "आप्पा, तुमचा आवाज जाईल हो. तुम्ही कसं जगाल मग?"

"बोलून लई झालं. मराठीत सगळं बोलून झालं, ऱ्हायल्यालं कन्नड बी आज बोललो." ते हसले, खोकला आला. "आता नुस्तं बघायचं हाय मला. तुला बघायचं हाय, तुज्या पोरांस्नी बघायचं हाय. बघायला आवाज कशाला लागतोय?"

नवरा चहाचे कागदी कप घेऊन आला आणि माझं तोंड बघून जागीच थांबला. मी वाकून ती डबी धरली आणि हिसका देऊन उपटायला लागले. फेकूनच देणार होते बांधापलीकडं. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ती," म्हणाले. "फुडचा फोन बी हितंच घ्यायचा. माज्यासमोर."