दोन दारांची गिरणी

आमच्या दोन गावांचं तळ्यातल्या मासेमारीवरून वाकडं आहे. ते मिटावं, हातांना कामही मिळावं म्हणून शहरातल्या दोन संस्थांनी मिळून शिवेवर भाताची गिरणी उभारली. तंटा नको म्हणून दारं दोन ठेवली, एकेका गावाला एक, मधे भिंत. वर पाटी, 'सलोखा केंद्र'. टाळ्या वाजवून, फोटो काढून मंडळी गेली. चीड येते मला त्या पाटीची.

आज पलीकडच्या गावची लेक, आमच्या गावची सून शेवंता भिंतीला कान लावून उभी दिसली. पलीकडे तिचा भाऊ पोती उतरवत होता.

"त्या दारानं जा की," मी म्हणालो.

"ते त्यांचं दार. जुन्या गिरणीत दोन्ही गावांची एकच रांग होती. दादा शिव्या द्यायचा, पण समोर उभं राहून."